परवा पोचली पाहिजे

सीतादहीची पूजा होऊन कापसाची वेचणी सुरू झाली की यवतमाळ जिल्ह्यातल्या रस्त्यांचा रंग बदलतो. कडेच्या बाभळींना, विजेच्या तारांना, गतिरोधकांच्या फटींना कापूस अडकलेला दिसू लागतो. तो गाड्यांतून सांडलेला असतो. दिवाळी सरता सरता पांढरकवडा, वणी, राळेगाव, घाटंजी इथल्या जिनिंगांसमोर रांगा लागतात. आत कापूस जातो, बाहेर रुईच्या गाठी आणि सरकी येते. कापूस शेतातून जिनिंगपर्यंत कसा आला आणि त्याला भाव काय मिळाला, यावर आपण रकानेच्या रकाने लिहितो, आणि ते लिहिलंच पाहिजे. पण गाठ जिनिंगच्या फाटकाबाहेर पडली की आपलं लक्ष संपतं. तिथून पुढचे हजार-दीड हजार किलोमीटर एका माणसाच्या जागरणावर चालतात.

त्या माणसाला निघताना एक वाक्य सांगितलं जातं: "गाडी परवा पोचली पाहिजे." हे वाक्य कुठल्या कागदावर नसतं. बिल्टीवर मालाचं वजन असतं, भाडं असतं, गाडीचा नंबर असतो, 'परवा' नसतो. तरी सगळा प्रवास त्याच्याच हुकमावर होतो. या लेखात त्या 'परवा'चा हिशेब मांडून पाहायचा आहे.

करंजीची चौफुली ज्यांनी पाहिली असेल त्यांना हा जिल्हा मालवाहतुकीत कुठे उभा आहे ते वेगळं सांगायला नको. यवतमाळहून वणीला जाणारा रस्ता इथे नागपूर–हैदराबाद महामार्गाला छेदतो. श्रीनगर ते कन्याकुमारी जाणारा हा राष्ट्रीय महामार्ग 44. 2010 मध्ये महामार्गांचे क्रमांक बदलले, पण अजून त्याला 'एनएच सात' म्हणणारे पुष्कळ भेटतात. वणीचा कोळसा, मुकुटबनचं सिमेंट, पांढरकवड्याच्या गाठी, उत्तरेतून दक्षिणेला चाललेले कंटेनर असं सगळं या पट्ट्यात एकमेकांना ओलांडतं. उन्हाळा जवळ आला की उलट्या दिशेने तमिळनाडूच्या बोअरच्या गाड्या येतात. नामक्कल जिल्ह्यातलं तिरुचेंगोडे हे गाव अशा गाड्यांचं माहेरघर आहे. आपल्या गाठी त्यांच्या मुलखात जातात आणि त्यांची यंत्रं आपल्या शिवारात भोकं पाडायला येतात.

रेल्वे का नाही, असा प्रश्न बाहेरचा माणूस विचारतो. वणी–मुकुटबन–पिंपळखुटी पट्ट्यातून आदिलाबादपर्यंत रूळ आहेत, पण जिनिंगच्या फाटकातून थेट गिरणीच्या फाटकात माल उतरवायचा तर ट्रकच लागतो. खुद्द यवतमाळला इंग्रजी अमदानीत कापूस वाहून नेण्यासाठी आलेली शकुंतला रेल्वे बंद पडली. वर्धा–यवतमाळ–नांदेड मार्गाचा वर्धा ते कळंब एवढा तुकडा फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झाला. म्हणजे भार रस्त्यावरच.

तसं पाहिलं तर लांब पल्ल्याची वाहतूक या मातीला नवी नाही. पुसद, दिग्रस, आर्णी भागातले तांडे ज्या बंजारा समाजाचे आहेत, त्यांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून दख्खनभर फिरत. रेल्वे आली आणि तो धंदा मोडला. लमाणांच्या त्या वाहतुकीत एक गोष्ट ट्रकवाल्यांनी हेवा करावा अशी होती: मुक्काम कुठे पडायचा ते बैलाच्या दमावर ठरत असे, सौदागराच्या घाईवर नाही.

आता एक खेप कागदावर मांडू. पांढरकवड्याच्या एखाद्या जिनिंगमधून कोइम्बतूरच्या सूतगिरणीला शंभर गाठी पाठवायच्या आहेत. अंतर 1,300 किलोमीटरच्या आसपास. महाराष्ट्र, तेलंगणा, आंध्र प्रदेश, कर्नाटक, तमिळनाडू अशी पाच राज्यं. (टिपेश्वरचा एक वाघ 2019 मध्ये गळ्यात कॉलर घेऊन निघाला आणि साधारण एवढंच अंतर तुडवत, तेलंगणातून वळसा घालत, बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. त्याला पाच-सहा महिने लागले आणि कुणी घाई केली नाही.)

भरलेल्या गाडीची सरासरी, टोल, घाट, शहरांच्या कडा धरून, ताशी 45 किलोमीटर पकडली तर ती चांगलीच म्हणायची. म्हणजे 29 तास नुसतं स्टिअरिंगवर. 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने चालकाच्या कामाला दिवसाला आठ तासांची आणि आठवड्याला 48 तासांची मर्यादा घातली. सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती, आणि कामाची सगळी वेळ मिळून बारा तासांच्या आत, असंही सांगितलं. लांब पल्ल्याच्या मार्गावर मंजुरीने दहा तासांपर्यंत जाता येईल अशी सवलत ठेवली. मोटार वाहन कायद्याच्या कलम 91 ने चालकाचे तास याच मर्यादेला बांधले. आठ तासांनी हिशेब केला तर आपली खेप चौथ्या दिवशी पोचते, दहा तासांनी तिसऱ्या दिवशी संध्याकाळी.

दुसरा हिशेब ई-वे बिलाचा. 50,000 रुपयांवरच्या मालाला ते लागतं, आणि शंभर गाठींची किंमत भावाप्रमाणे 25 लाखांच्या घरात जाते. 2021 च्या जानेवारीपासून दर 200 किलोमीटरला एक दिवस अशी त्याची मुदत आहे. 1,300 किलोमीटरला सात दिवस! शिवाय गाडी वाटेत नादुरुस्त झाली, पूर आला, रस्ता बंद पडला, तर मुदत संपण्याच्या आठ तास आधीपासून आठ तास नंतरपर्यंत ती वाढवून घेता येते.

आता तिसरा हिशेब बाजाराचा. सोमवारी रात्री नऊला निघालेली गाडी 'परवा' म्हणजे बुधवारी रात्री नऊला गिरणीत. 48 तासांतले 29 चालवण्याचे. दिवसाला साडेचौदा तास पडले. उरलेल्यात डिझेल, टोल, तपासणी, जेवण, अंघोळ आणि दोन रात्रींची झोप. कर खातं सात दिवस देतं, कामगार कायदा चार दिवस देतो आणि दोनच दिवस देतो तो माल पाठवणारा. रस्त्यावरची घाई सरकारने लादलेली नाही, हे एकदा नीट समजून घेतलं पाहिजे. ती आपल्याच ऑफिसात, आपल्याच फोनवर तयार होते.

यात आणखी एक काळ धरलेलाच नसतो. गाडी सोमवारी सकाळी जिनिंगच्या रांगेत लागते. चालक दिवसभर उन्हात, गाडी पुढे सरकवत, हमालांशी हुज्जत घालत बसतो. रात्री नऊला दोर आवळून फाटकाबाहेर पडतो तेव्हा तो पंधरा तास जागा असतो. आपल्या लेखी प्रवास आता सुरू झाला, त्याच्या शरीराच्या लेखी तो संपत आलेला असतो. पहाटे दोन ते पाच हा झोपेचा सर्वांत दाट पट्टा, आणि तो त्याला कामारेड्डीच्या आसपास गाठणार. म्हणून मार्ग आखताना पहिला नियम माझ्या मते हा: गाडी रात्री भरून झाली तरी रात्री सोडायची नाही. पहाटे सहाला सोडायची.

सहाला सोडली तर बाकीचं गणित आपोआप रांगेत येतं. पाटणबोरी, पिंपळखुटी, पैनगंगेचा पूल, मग आदिलाबाद. तिथवर मराठी चालते, नंतर मोडकी हिंदी. निर्मळ, आर्मूर, कामारेड्डी करत दिवस मावळायच्या सुमारास मेडचलपाशी, साडेतीनशे किलोमीटर. हैदराबादेत अवजड गाड्यांना दिवसा बंदी असते. शहरातून मध्यरात्री जाण्याचा मोह टाळून 158 किलोमीटरच्या बाह्य वळण रस्त्याचा टोल मुकाट भरलेला बरा. पहिला मुक्काम मेडचलपाशीच, उजेडाच्या जागी, पंपाच्या किंवा ढाब्याच्या आवारात. रस्त्याच्या कडेला अजिबात नाही.

दुसरा दिवस शमशाबाद, जडचर्ला, कर्नूल, गुत्ती, अनंतपूर. रस्ता सरळ आणि कंटाळवाणा, म्हणून जास्त धोक्याचा. तिसऱ्या दिवशी कर्नाटकाचा छोटा पट्टा. डिझेलचं नियोजन इथे कामाला येतं: तेलंगणा आणि आंध्रात डिझेल महाग, कर्नाटकात स्वस्त. पांढरकवड्याला टाकी भरून निघालेली दहा चाकी गाडी बागेपल्लीपर्यंत सहज जाते. बंगळुरातही दिवसा अवजड वाहनांना मज्जाव आहे, तेव्हा देवनहळ्ळीपासून शहराबाहेरून होसकोटेच्या अंगाने होसूर धरायचं आणि कृष्णगिरीला मुक्काम. चौथ्या दिवशी सकाळी, उजेडात आणि ताज्या डोळ्यांनी, धर्मपुरीच्या पुढचा तोप्पूर घाट.

हा घाट नकाशात दिसत नाही एवढा साधा वाटतो. चढ-उतार फार मोठा नाही, रस्ता चौपदरी. पण लांबच लांब उतार आणि त्यात वळणं. डिसेंबर 2020 मध्ये इथे ताबा सुटलेल्या एका ट्रकने पुढच्या दहाहून अधिक गाड्यांना धडक दिली आणि माणसं गेली. त्याआधी आणि नंतरही अपघात झाले. कारण बहुतेक वेळा तेच: चार पैशांचं डिझेल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडणं. गिअर काढला की इंजिन गाडीला धरून ठेवत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो. ड्रम तापतात, तापलेला ब्रेक पकडत नाही. इंजिनच बंद केलं तर हवेच्या ब्रेकचा दाबही उतरत जातो. ज्या गिअरमध्ये तो घाट चढावा लागला असता त्याच गिअरमध्ये उतरायचा, ही जुन्या उस्तादांची शिकवण कुठल्याही फलकापेक्षा भरवशाची आहे. 'परवा'ची गाडी मात्र या घाटात दोन रात्रींच्या जागरणानंतर उतरते.

मार्गाइतकंच महत्त्वाचं म्हणजे गाडीत किती आणि कसं भरलं. 2018 च्या जुलैमध्ये केंद्राने आसभार वाढवून दिले. दहा चाकी गाडीला एकूण 28 टन, बारा चाकीला 35 टन. रुईची गाठ 170 किलोची धरली तर शंभर गाठी 17 टन, दहा चाकीत पासिंगच्या आत बसतात. म्हणजे गाठींच्या गाडीत फसगत वजनाची कमी असते, उंची-रुंदीची जास्त. फाळक्याच्या वर रचलेला थर बाहेर झुकतो, दोर वळणावर ढिला पडतो, आणि खेड्यातल्या लोंबत्या तारेला गाठ लागली की पुढचं बोलायला नको. वजनाची खरी फसगत कोळसा, सिमेंट आणि सरकीत. "चार टन जास्त टाक, तेवढंच भाडं सुटतं" हा धंद्यातला नेहमीचा सल्ला.

सप्टेंबर 2019 पासून जादा भाराचा दंड 20,000 रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला 2,000. माल फाळक्याबाहेर किंवा मर्यादेच्या वर निघाला तरी 20,000. वजन करायला नकार देऊन गाडी पळवली तर 40,000. आणि नुसता दंड भरून सुटका नाही, जादा माल तिथेच उतरवावा लागतो. दंड घेऊन, पावती फाडून गाडी तशीच पुढे सोडण्याची जी पद्धत राज्याराज्यांत होती ती सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्येच परमजित भसीन खटल्यात बेकायदा ठरवली. तरी 'एंट्री' हा शब्द रस्त्यावरून गेलेला नाही. एंट्रीचे पैसे भाड्यातच धरणारा मालक स्वतःला व्यवहारी समजतो. खरं तर तो पुढच्या अपघाताचा हप्ता भरत असतो, कारण एंट्री दिल्याने ब्रेक लागायचं अंतर कमी होत नाही.

कागदांबद्दल थोडक्यात. राष्ट्रीय परवान्याची एकत्रित फी वर्षाला 16,500 रुपये, ती भरली की राज्याराज्यांत वेगळा परवाना लागत नाही. योग्यता प्रमाणपत्र आठ वर्षांच्या आतल्या गाडीला दोन वर्षांनी, नंतर दरवर्षी. विमा, पीयूसी, चालकाचा परवाना यांच्या तारखा खेप *परत येईपर्यंत* टिकतात का, हे पाहायचं. निघताना चालू असणं पुरेसं नाही. कागद डिजिलॉकर किंवा एम-परिवहनवर दाखवले तरी चालतात. दोन गोष्टी मात्र अनेकांना महागात पडतात. एक, गाडी बिघडून माल दुसऱ्या गाडीत टाकला तर ई-वे बिलाच्या भाग 'ब'मध्ये नवा नंबर त्याच वेळी भरावा लागतो. तो राहिला तर गाठींवर पाच टक्के कर धरून त्याच्या दुप्पट दंड, म्हणजे 25 लाखांच्या मालावर अडीच लाख. 2017 मध्ये जीएसटी आला तेव्हा विक्रीकराचे नाके उठले, तपासणी उठली नाही. ती फिरती झाली.

दुसरी गोष्ट परतीच्या भाड्याची. कोइम्बतूरला रिकामी झालेली एमएच-29 ची गाडी तिथून चेन्नईचा माल उचलू शकत नाही. राष्ट्रीय परवान्यावर परराज्यातल्या परराज्यात, एका गावाहून दुसऱ्या गावाला माल नेता येत नाही. परतीचा माल महाराष्ट्राचा किंवा निदान दुसऱ्या राज्याचा हवा. तो आधी ठरवला नसेल तर चालक तीन-चार दिवस ट्रान्सपोर्टच्या आवारात पडून राहतो, खर्ची संपते, आणि मग मिळेल ते, मिळेल तेवढं भरून तो निघतो. जाताना नियमात असलेली गाडी येताना नियमाबाहेर जाते ती बहुधा अशी.

गाठींच्या गाडीला आगीची भीती वेगळी. दाबलेल्या गाठीच्या पोटात ठिणगी शिरली तर ती बाहेर दिसत नाही, तासन् तास, कधी दिवसभर आत धुमसत राहते आणि वारा लागला की पेटते. म्हणून गाडीच्या आडोशाला स्टोव्ह पेटवून भाजी टाकायची सवय इतर मालाला चालून जाते, गाठींना नाही. स्वयंपाक करायचाच तर गाडीपासून लांब, वाऱ्याच्या खालच्या बाजूला. अग्निशामक केबिनमध्ये आहे का, आणि त्याची मुदत संपली आहे का, हे मी ज्या गाड्यांपाशी विचारलं तिथे पहिल्या प्रश्नाचं उत्तर पटकन यायचं, दुसऱ्याचं सहसा नाही.

आणि बिघडलेली गाडी. विदर्भात गाडी बंद पडली की चालक मागे दगडांची ओळ मांडतो, बाभळीची फांदी ठेवतो. गाडी दुरुस्त होते, निघून जाते, दगड तिथेच राहतात. रात्री त्यावर दुचाकी आदळते. परावर्तक त्रिकोणाला फारसे पैसे पडत नाहीत. महामार्गावर मदतीला 1033 हा क्रमांक आहे, तो केबिनमध्ये मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा.

आता माणसाकडे येऊ. राष्ट्रीय परवान्याच्या गाडीवर दोन चालक असलेच पाहिजेत, असा नियम पूर्वी होता. 2018 मध्ये तो काढला. कारण दिलं गेलं चालकांच्या टंचाईचं आणि खर्चाचं. नियम असतानाही दुसऱ्या चालकाच्या जागी बहुधा क्लीनर असे, हे खरं. पण नियम गेला तशी ती लाजही गेली. आज अनेक गाड्यांवर क्लीनरही नसतो. एकट्या माणसाने 1,300 किलोमीटर जायचं असेल तर चार दिवसांचा हिशेब मान्य करण्यावाचून गत्यंतर नाही. दोन दिवसांत माल हवा असेल तर दुसऱ्या परवानाधारक चालकाचा पगार द्यावा.

एक सुधारणा मात्र मनापासून स्वागत करावी अशी झाली. ऑक्टोबर 2025 पासून तयार होणाऱ्या अवजड मालगाड्यांच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचं केलं गेलं. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो आणि केबिनमध्ये इंजिनची धग वेगळी. अशा केबिनमध्ये दुपारी झोप लागत नाही, आणि दुपारी न झोपलेला माणूस पहाटे झोपतो. जुन्या गाड्या अजून बरीच वर्षं धावतील, त्यांच्यासाठी सावलीच्या जागा लागतील. महामार्गावर टोलनाके जेवढ्या निष्ठेने उभारले गेले तेवढ्या निष्ठेने चालकांसाठी न्हाणीघरं उभारली गेली नाहीत.

जानेवारी 2024 च्या पहिल्या दोन दिवसांत ट्रकचालक रस्त्यावर उतरले होते, पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या होत्या, आठवत असेल. भारतीय न्याय संहितेत, अपघात करून न कळवता पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद आली होती. जुलै 2024 मध्ये संहिता लागू झाली तेव्हा ते पोटकलम बाजूला ठेवलं गेलं. पळून जाणं समर्थनीय नाही, आणि जमावाची भीती खोटी नाही, या दोन्ही बाजूंनी तेव्हा पुष्कळ बोललं गेलं. पण त्या साऱ्या चर्चेत चालक किती तास जागा होता, हा प्रश्न फारसा आला नाही. शिक्षा स्टिअरिंगवरच्याला, वेळ ठरवणारा साक्षीदार म्हणूनही उभा राहत नाही. जादा भाराच्या बाबतीत कायदा गाडी चालवणाऱ्याबरोबर ती तशी चालवू देणाऱ्यालाही धरतो. जादा तासांच्या बाबतीत मालकाला, दलालाला, माल पाठवणाऱ्याला कुणी विचारत नाही. माझ्या मते सगळ्या प्रश्नाची गाठ इथे आहे.

म्हणून सांगणं चालकांना कमी आणि जिनिंगवाल्यांना, व्यापाऱ्यांना, ट्रान्सपोर्टवाल्यांना जास्त आहे. बिल्टीवर दोन ओळी वाढवा: गाडी रांगेत लागल्याची वेळ आणि माल पोचण्याची तारीख. कोइम्बतूरची खेप असेल तर ती तारीख चौथ्या दिवसाची घाला, खाली सही करा, आणि त्याआधी फोन करून "कुठपर्यंत आलास" म्हणून चालकाला छळू नका. चौथ्या दिवशी आलेल्या गाडीचं भाडं कापू नका. आवारात चार खाटा, एक पंखा आणि पाण्याची टाकी ठेवा. गिरणीशी बोलून चार दिवस आधी गाडी लावा. येत्या हंगामातल्या पहिल्या बिल्टीवर त्या दोन ओळी उमटवायला एका रबरी शिक्क्याचा खर्च येईल.